आबांचा कान

आमच्या आबांना सगळे 'ठोके' म्हणतात. म्हणजे माझे सासरे. त्यांचं खरं नाव माझ्या लग्नपत्रिकेत छापलं होतं तेव्हा निम्म्या लोकांनी विचारलं, हे कोण गृहस्थ? झाडाला लाकडी मोगरीने तीन ठोके मारायचे, बुंध्याला कान लावायचा आणि झाड आतून भरीव आहे की पोकळ ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. हसू नका. एवढ्याशा कामावर चाळीस वर्षं आमची चूल पेटली आहे, आणि चाळीस वर्षांत तोडणीच्या टोळीतला एकही माणूस झाडाखाली सापडलेला नाही.

पोकळ झाडाचा काही नेम नसतो. करवत अर्ध्यात गेली की ते मधेच चिरतं, मागे बसतं, नाहीतर उसळी मारून कापणाऱ्याच्याच अंगावर येतं. म्हणून आबांनी 'पोकळ' म्हटलं की टोळी त्या झाडाला हातही न लावता पुढे जायची. झाडही वाचायचं आणि माणूसही. जराशी शंका आली तरी आबा पोकळच म्हणायचे. "भरीव म्हणून चुकलो तर कुणाची तरी बायको रडेल. पोकळ म्हणून चुकलो तर एक झाड उभं राहील. राहू दे की! आपल्या बापाचं काय जातंय?"

यंदा मात्र सगळं उलटंच झालं.

थंडीच्या तोंडावर मोठं वारं सुटलं आणि थोरल्या रानातलं एक झाड खालच्या रस्त्यावर, दुधाच्या गाडीवर आडवं झालं. गाडीवाल्याचा पाय मोडला. झाड आतून इतकं पोकळ होतं की माणूस आरामात उभा राहील. दोन दिवस लोक आत शिरून फोटो काढत होते, आणि तिसऱ्या दिवशी जंगलखात्याचा हुकूम आला. रस्त्याच्या वरच्या अंगाला जेवढी पोकळ झाडं असतील तेवढी सगळी काढायची, भरीव झाडांना धक्का लावायचा नाही. पोकळ कोणतं ते ठोके सांगतील आणि त्यांचा शब्द अखेरचा.

थोरलं रान आमच्या वस्तीच्या अगदी डोक्यावर आहे. त्याला कधीच कुऱ्हाड लागलेली नाही. चार माणसांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पुरत नाही. भर दुपारी खाली ओलसर काळोख, आणि पाल्याचा असा थर की गादीवरून चालल्यासारखं वाटतं. आमच्या नळाला येणारं पाणी तिथल्याच झऱ्याचं. पलीकडच्या टेकडीवरचं रान आठ वर्षांपूर्वी साफ केलं, तर दुसऱ्याच पावसाळ्यात टेकडीची अर्धी कूस खाली आली आणि शाळेचा रस्ता घेऊन गेली. पण खरं सांगू? मला ते पाणीबिणी नंतर आठवतं. मला ते रान आवडतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या, घरात बोलायला बाईमाणूस नाही. मी सरपणाच्या निमित्ताने वर जायची आणि एखाद्या बुंध्याला पाठ टेकून तासन्‌तास बसायची. माझं पहिलं मूल गेलं तेव्हाही तिथेच जाऊन रडले. जवळचं माहेर म्हणा ना.

ठोकणीला आबांबरोबर मलाच जायचं होतं. आमचे हे टोळीत करवत चालवतात, त्यांचं काम नंतरचं. आबांनी 'पोकळ' म्हटलं की मी बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढायचा. पट्टा असेल ते झाड पडणार, नसेल ते राहणार. मागून ठेकेदाराचा मुकादम वही घेऊन येणार. पडलेलं लाकूड ठेकेदाराचं होतं, तीच त्याची मजुरी.

पहिल्या दिवशी आबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर तयार बसले होते.

"काय आबा, मुलगी बघायला निघालात का?" मी म्हटलं.

"हं," आबा म्हणाले.

दोनेक वर्षं आबांचं हे 'हं' चाललं होतं. जेवायला वाढू का, हं. पाऊस येणारसं दिसतंय, हं. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, सुनेची बडबड कानाआड करतो. रेडिओ मोठ्याने लावायचे तर मी समजायची, एकट्या माणसाला सोबत लागते. किती सोयीस्कर कारणं असतात माणसाकडे!

रानात मुकादम आधीच येऊन उभा होता. "या आबासाहेब, या! सगळा खेळ आज तुमच्या कानावर." गोड बोलायची त्याला सवयच होती.

आबांनी पहिल्या बुंध्यावर तळवा फिरवला, शेवाळ बाजूला केलं, तीन ठोके मारले आणि कान लावून डोळे मिटले. त्यांचा तो चेहरा मला फार आवडतो. झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकणाऱ्या माणसासारखा होतो.

"पोकळ," ते म्हणाले. मी पट्टा ओढला.

दुसरंही पोकळ निघालं आणि तिसरंही. चौथ्याला जरा थांबले, पुन्हा ठोकलं, मान हलवली. "पोकळच."

दुपारपर्यंत बावीस झाडं झाली आणि त्यातल्या एकोणीस झाडांना पट्टे. मुकादमाचा चेहरा असा खुलला होता की बास. "बाहेरून एवढी धडधाकट दिसतात, आणि आत बघा! बरं झालं वेळेवर कळलं." रान म्हातारं आहे, असतील पोकळ, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

जेवणानंतर मी एका झाडाला पाठ टेकून डब्यातला चुना ढवळत बसले होते. आबा त्याच झाडाच्या पलीकडच्या बाजूला आले. त्यांनी ठोका मारला आणि तो ठणठणीत आवाज बुंध्यातून निघून माझ्या पाठीच्या कण्यात शिरला. बारा वर्षं मी या माणसाच्या मागून हिंडते आहे. एवढं मलाही कळतं. पोकळ झाड ढब् करतं, रिकाम्या पिंपासारखं. हे तर लोखंडासारखं वाजलं होतं.

"पोकळ," पलीकडून आबा म्हणाले.

मी उठून बघितलं. ते बुंध्याला कान लावून उभे होते. चेहरा तोच, डोळे मिटलेले. आणि त्या कानात काहीच पोचत नव्हतं. त्यांच्या लेखी आता प्रत्येकच झाड मुकं होतं, आणि शंका आली तर पोकळ म्हणायचं हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

"वहिनी, पट्टा," मुकादम म्हणाला. मी पट्टा ओढला. झाड भरीव आहे हे कळत असूनही ओढला. हे लपवत नाही.

संध्याकाळी आबा स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्याकडे पाठ करून मोगरीला तेल लावत बसले होते. मी फळीवरची सहा स्टीलची ताटं उचलली आणि त्यांच्या मागे सोडून दिली. शेजारीण खिडकीतून ओरडली, "काय गं, काय पडलं?" आबा आपले फडक्याने मोगरी पुसत होते. थोड्या वेळाने उठले, वळले, आणि जमिनीवर पसरलेली ताटं बघून म्हणाले, "अरेच्चा! ही कधी पडली?"

"आत्ताच," मी म्हटलं.

"हं," आबा म्हणाले, आणि कमरेत वाकून एकेक ताट मला उचलून द्यायला लागले. मला रडू आवरेना. तोंडावर पदर घेऊन मी मागच्या अंगणात गेले.

हे तिथे नळाखाली पाय धूत होते. मी सगळं सांगितलं.

"हळू बोल," हे म्हणाले, "आबा ऐकतील."

"काय ऐकतील? तेच तर सांगते आहे!"

हे पाय धुतच राहिले, कधीचे स्वच्छ झाले होते तरी. शेवटी म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय?"

"गेल्या वर्षापासून माहीत आहे. टोळीत सगळ्यांनाच. चांगली भरीव झाडं ते पोकळ म्हणून सोडायचे. आम्ही काही बोललो नाही. झाड सुटलं तर सुटलं, कुणाचं काय बिघडतंय? ज्याला भरीव म्हणायचे ते मात्र आम्ही आमचं पुन्हा ठोकून बघायचो."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तुला सांगून काय होणार होतं? तू आरडाओरडा केला असतास."

"मग आता? तीन दिवसांनी तुम्हीच करवत लावणार आहात त्या रानाला."

"त्यांच्याजवळ दुसरं आहे काय, सांग ना?" ह्यांनी नळ बंद केला. "ना शेत, ना शिक्षण. तो एक कान होता. चारचौघांत कुणी म्हणालं की ठोक्यांचा कान गेला, तर माणूस हाय खाईल. मी नाही सांगणार. तूही सांगायचं नाहीस. शपथ आहे माझी."

मला ह्यांचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं की माणूस नुसता भांडी आपटतो. मी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या परीने चलाखी करून पाहिली. आबांनी ठोका मारला की मी झाडाला हात लावून आवाज ऐकायची. झाड भरीव वाजलं तर डबा घेऊन तशीच पुढे सरकायची. अशी सात झाडं सुटली. आठव्याला मुकादमाने पकडलं.

"वहिनी, इथे पट्टा राहिला. आणि मागे त्या दोन झाडांनाही दिसत नाही."

"चुना पातळ झाला असेल."

"पातळ झाला तरी दिसतो." मग तो आबांच्या तोंडासमोर जाऊन मोठ्याने म्हणाला, "आबासाहेब, सूनबाईंना तुमचा शब्द पटत नाही वाटतं!"

आबा माझ्याकडे वळले. टोळीतली चार माणसं वाट साफ करत होती, ती हात थांबवून बघायला लागली.

"काय गं?" आबा म्हणाले. हल्ली ते मोठ्याने बोलायचे, त्यामुळे रानभर ऐकू गेलं. "मी पोकळ म्हटलं आणि तू पट्टा नाही ओढलास? उद्या ते झाड कुणाच्या अंगावर पडलं म्हणजे? हा काय पोरखेळ आहे? जमत नसेल तर घरी बस."

बारा वर्षांत आबा मला पहिल्यांदाच रागावले. मी मान खाली घालून मागे गेले आणि आठही झाडांना पट्टे ओढले. मुकादम बरोबर आला होता, मोजायला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो म्हणत होता, "अहो वहिनी, मनाला लावून घेऊ नका."

आबांना बाजूला घेऊन सांगायचं म्हटलं तरी कसं सांगणार? कानात कुजबुजायची सोय नाही. ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं तर अख्ख्या टोळीला ऐकू जाणार. बहिऱ्या माणसाला गुपचूप काही सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी ठोकणी संपली. एकशे चाळीस झाडांना पट्टे पडले होते. खात्याच्या बाई, नव्यानेच बदलून आलेल्या, कागद घेऊन आल्या. आबांनी सही केली. लिहिता येत नसलं तरी सही फार घोटून केलेली आहे त्यांची.

चौथ्या दिवशी सकाळी निघताना हे मला म्हणाले, "आबांना आज वर आणू नकोस. दमलेत, झोपू देत." माझ्याकडे बघत नव्हते. करवतीच्या डब्यात तेल ओतताना निम्मं बाहेर सांडलं.

मी घर झाडलं, पुन्हा झाडलं. आबा पायरीवर उन्हाला बसले होते. वर करवत सुरू झाली आणि किती तरी वेळ घोंघावत राहिली. मग ती थांबली आणि ह्यांची आरोळी ऐकू आली, "सुटलंऽऽ!" झाड कलायला लागलं की टोळीत ही आरोळी देतात, आणि ती कानावर पडली की मागे न बघता पळायचं. आमच्याकडची माणसं झोपेतही ही आरोळी ऐकली तरी उठून पळतील, इतकी ती अंगात मुरलेली असते. घरात असूनही माझा पाय उंबऱ्याकडे वळला. आबा शांत बसले होते. मग झाड पडलं. फळीवरचे डबे वाजले आणि जमीन हादरली.

तेव्हा आबांनी तळपायाकडे बघितलं आणि म्हणाले, "पडलं वाटतं पहिलं. कोणतं गं?"

ह्यांची शपथ मी तिथेच मोडली. आबांच्या पायात चपला सरकवल्या, हात धरला आणि म्हटलं, "चला." ऐकू नसेल गेलं, पण ते उठले.

वर पोचलो तर टोळीतलं कुणी काम करत नव्हतं. करवत बंद करून हे एका दगडावर पाठ करून बसले होते. बाकीचे इकडेतिकडे बघत उभे. खात्याच्या बाई आणि मुकादम खाली रस्त्याकडे होते. पडलेलं झाड उतारावर लांबच लांब पसरलं होतं, त्याने जाताजाता दोन लहान झाडं मोडली होती. वर एकदम आभाळ दिसत होतं. त्या जागी आभाळ कधीच दिसायचं नाही.

आबा थोटकापाशी गेले. हाताने भुसा बाजूला सारला. खाटेएवढं रुंद थोटूक, सालीपासून गाभ्यापर्यंत लालसर, ओलं, घट्ट. करंगळी शिरेल एवढीही फट नव्हती. आबांनी गाभ्यात नख रोवून बघितलं. मग गुडघ्यावर बसले आणि तळवा कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू फिरवला, पुन्हा मध्यापासून कडेपर्यंत.

"हे मी पोकळ म्हटलं होतं?"

हे पाठमोरेच. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"तुला भरीव ऐकू आलं होतं?"

मी पुन्हा मान हलवली.

"म्हणून पट्टा नव्हता ओढलास." आबांनी बोटांना लागलेला भुसा सदऱ्याला पुसला. "आणि मी तुला सगळ्यांसमोर बोललो."

"आबा, जाऊ द्या हो," मी ओरडून म्हटलं.

"माणसांचं कमी ऐकू येतं हे माहीत होतं मला. पण झाडाचं येतं, असं वाटायचं." मग ते माझ्या खांद्याला धरून उठले आणि म्हणाले, "बाईंना बोलवा."

बाई आल्या, मागोमाग मुकादमही आला. आबांनी हात जोडले. "बाई, चूक झाली. माझे कान गेलेत. सगळे पट्टे पुसा आणि दुसऱ्या कुणाकडून ठोकून घ्या."

"अहो आबासाहेब!" मुकादम हसला. "एकशे चाळिसात एखादं चुकायचंच. कान कुठे गेलेत? तीन दिवस आम्ही बोलतच होतो की."

"तोंडाकडे बघून कळतं थोडंफार."

मुकादम बाईंकडे वळला. "मॅडम, खरं सांगू का? म्हाताऱ्याचा जीव आहे या रानावर. झाड पडलेलं बघितलं आणि धीर सुटला. आता बहिरेपणाचं सोंग. माणूस चांगला आहे हो, पण हुकूम हुकूम असतो."

बाईंची पंचाईत झाली. त्या नव्या होत्या, वाईट नव्हत्या. "आजोबा, कागदावर तुमची सही आहे. तपासणी करून डॉक्टरांचा दाखला आणा, मग मी काम थांबवते."

डॉक्टर शहरात. जायला यायला दोन दिवस. तेवढ्यात अर्धं रान आडवं झालं असतं.

"सोंग नाही करत ते," मी म्हटलं. "मी सून आहे त्यांची. घरी सहा ताटं पाडली त्यांच्या मागे, वळलेसुद्धा नाहीत."

"वहिनी, घरच्या माणसांची साक्ष कशी धरणार?" मुकादम म्हणाला. "आणि ताटांचं काय, ठरवलं तर मीसुद्धा वळणार नाही."

आबा एकदा त्याच्या ओठांकडे, एकदा माझ्या ओठांकडे बघत होते. आयुष्यभर ज्या माणसाच्या एका शब्दावर टोळ्या थांबल्या, तो आपण बहिरे आहोत हे पटवून द्यायला हात जोडून उभा होता, आणि कुणाला ते पटवून घ्यायचं नव्हतं. माझा तोल सुटत चालला होता. मी काहीतरी भलतंसलतं बोलणार, एवढ्यात मागून आरोळी आली.

"सुटलंऽऽऽ!"

मी पळाले. विचार केलाच नाही, पाय पळाले. टोळी दाही दिशांना फुटली. मुकादमाने वही फेकली आणि तो जो उतारावरून धावत सुटला तो दोनदा आपटला. सगळे पळाले म्हणून बाईही डोकं धरून एका खडकाआड बसल्या.

पडलं काहीच नाही. मी वळून बघितलं. मोकळ्या जागेत आबा एकटेच उभे होते. जिथे होते तिथेच, जोडलेले हात तसेच. आम्ही का पळालो ते त्यांना कळत नव्हतं. ते वर बघत होते, मग आमच्याकडे, पुन्हा वर. त्यांच्या दहा पावलं मागे हे उभे होते. आरोळी ह्यांनीच दिली होती. तोंड अजून उघडं होतं आणि गालावरून पाणी वाहत होतं.

आबा वळले तेव्हा त्यांना ह्यांचं तोंड दिसलं.

"काय म्हणालास रे?"

हे जवळ गेले. बापाचे दोन्ही खांदे धरले आणि सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाले, "सुटलं म्हणालो, आबा."

"मोठ्याने म्हणालास?"

"घसा फाटेस्तोवर."

आबांनी मान हलवली. टोळीतल्या माणसांकडे बघितलं, उतारावर गुडघा चोळत बसलेल्या मुकादमाकडे बघितलं. चाळीस वर्षं ती आरोळी ऐकून सर्वांत आधी पळणारे आबाच असायचे. "म्हणजे पुरताच गेला म्हणायचा," ते म्हणाले, आणि हसायला गेले, पण ते हसू काही तोंडावर टिकलं नाही. ह्यांनी त्यांना जवळ घेतलं. मी ह्यांना बापाला कधी मिठी मारताना बघितलेलं नव्हतं. टोळीतले दोघेतिघे नाक शिंकरत दुसरीकडे बघायला लागले.

बाई खडकाआडून उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली आणि उतारावर पडलेली वही स्वतः उचलून आणली. मुकादमाला म्हणाल्या, "तुम्ही तर फार जोरात पळालात."

"मॅडम, ती आरोळीच तशी असते..."

"तेच म्हणते मी." त्यांनी कागद फाडला नाही काही, सिनेमातल्यासारखा. नीट आडवी रेघ मारली, खाली चार ओळी लिहिल्या आणि मुकादमाची सही घेतली. शहरातून तपासणीचं यंत्र येईपर्यंत एका झाडालाही करवत लागणार नाही, आणि तोवर सगळे पट्टे पुसून टाकायचे. "यंत्र येईल तेव्हा येईल," त्या आबांसमोर येऊन मोठ्याने म्हणाल्या. "रस्त्यालगत धोक्याची खरी कोणती, ते आज तरी कोण सांगेल मला?"

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी?" मी म्हटलं. "छे हो आबा, मला कुठे येतंय!"

त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. मोगरी घरी राहिली होती, म्हणून त्यांनी जाड फांदीचा एक ओंडका शोधला, साल काढून मुठीला गुळगुळीत केला आणि माझ्या हातात दिला. टोळीतल्या माणसांनी झऱ्यावरून बादल्या भरून आणल्या. हे सदरा काढून तो बादलीत बुडवत होते, पुसायला दुसरं काही नव्हतं म्हणून.

मी सर्वांत जवळच्या झाडापाशी गेले. पट्टा माझ्याच हातचा, जाड आणि वेडावाकडा. तीन ठोके मारले आणि शेवाळ बाजूला करून कान लावला. झाड खणखणीत बोललं. मी आबांना सांगायला वळले, पण ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"पूस," आबा म्हणाले, आणि त्यांनी ह्यांच्या हातातला ओला सदरा घेऊन माझ्यापुढे धरला.